विश्लेषण : कपाळावरची लाल जन्मखूण डोळा आणि मेंदूसाठी इशारा कधी ठरते? काय आहे स्टर्ज-वेबर सिंड्रोम?

नवजात बाळाच्या अंगावर एखादी जन्मखूण असणे नवे नाही. पाठीवरचा निळसर डाग किंवा मानेमागचा गुलाबी ठिपका घरोघरी पाहायला मिळतो आणि अशा बहुतेक खुणांची काळजी करण्याचे कारण नसते. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर जन्मापासून असलेला सपाट, गुलाबी-लाल डाग मात्र याला अपवाद आहे. काही बाळांमध्ये त्वचेतल्या रक्तवाहिन्यांत झालेला हा बदल त्याच बाजूच्या डोळ्यात आणि मेंदूच्या आवरणातही झालेला असतो. त्वचा, डोळा आणि मेंदू या तिन्हींना गाठणाऱ्या या दुर्मीळ जन्मजात विकाराचे नाव स्टर्ज-वेबर सिंड्रोम.

यातला डाग कोणालाही दिसतो. डोळ्यातला वाढता दाब आणि मेंदूत तुंबणारे रक्त मात्र दिसत नाही. त्यामुळे डाग कोणामुळे आला याची घरात चर्चा होत राहते आणि ज्या तपासण्या पहिल्या काही आठवड्यांत व्हायला हव्यात त्या मागे पडतात. हा विकार नेमका काय आहे, तो का होतो आणि त्यात वेळ इतकी महत्त्वाची का, याचा हा आढावा.

स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणजे काय?

हा प्रामुख्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार आहे. गर्भात बाळाची जडणघडण सुरू असताना चेहरा, डोळा आणि मेंदूचे पातळ आवरण यांतील काही केशवाहिन्या व नीला नीट घडत नाहीत. त्या गरजेपेक्षा रुंद राहतात. त्वचेतल्या अशा वाहिन्यांत रक्त साठून राहिले की वरून लाल डाग दिसतो. पोर्तुगालमधील ‘पोर्ट’ या गडद लाल वाइनसारखा रंग असल्याने त्याला ‘पोर्ट-वाइन स्टेन’ म्हणतात.

सुमारे २० ते ५० हजार जन्मांमागे एका बाळाला हा विकार असतो, असा अंदाज आहे. सगळ्यांमध्ये तिन्ही अवयव बाधित होतात असे नाही. काहींमध्ये चेहऱ्यावर डाग आणि मेंदूत बदल दोन्ही असतात, काहींमध्ये डाग आणि काचबिंदू असतो पण मेंदू सुरक्षित असतो. फार थोड्या रुग्णांमध्ये चेहरा स्वच्छ असतो आणि बदल फक्त मेंदूच्या आवरणात सापडतो. मुलगा-मुलगी, वंश किंवा देश यांचा त्याच्याशी विशेष संबंध आढळत नाही.

हे नाव कुठून आले?

लंडनमधील डॉक्टर विल्यम ॲलन स्टर्ज यांनी १८७९ मध्ये साडेसहा वर्षांच्या एका मुलीची माहिती वैद्यकीय सभेत मांडली. तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूला मोठा लाल डाग होता, त्याच बाजूचा डोळा मोठा झाला होता आणि झटके शरीराच्या विरुद्ध बाजूला येत होते. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो आणि डावा भाग उजवी. यावरून स्टर्ज यांनी तर्क केला की चेहऱ्यावर जसा डाग आहे तसाच तो मेंदूच्या पृष्ठभागावरही असणार.

मेंदूच्या आत डोकावण्याचे कोणतेही यंत्र तेव्हा नव्हते. क्ष-किरणांचा शोधच मुळी १८९५ चा. पुढे फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी १९२२ मध्ये अशा रुग्णाच्या मेंदूतले बदल क्ष-किरण चित्रांतून दाखवले. रक्तपुरवठा बिघडलेल्या भागात कॅल्शियम साचते आणि चित्रात ते शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन रेषांसारखे दिसते. ट्रामच्या रुळांची ही उपमा वैद्यकीय पुस्तकांत आजही वापरली जाते. स्टर्ज यांचा तर्क बरोबर होता.

प्रत्येक लाल डाग धोक्याचा असतो का?

नाही. साधारण एक हजार नवजात बाळांपैकी तिघांना शरीरावर कुठेतरी पोर्ट-वाइन स्टेन असतो आणि त्यातल्या बहुसंख्य बाळांना स्टर्ज-वेबर सिंड्रोम नसतो. सोव्हिएत संघाचे शेवटचे अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या डोक्यावरचा लाल डाग साऱ्या जगाने पाहिला होता. तोही पोर्ट-वाइन स्टेनच. तो डाग घेऊन त्यांनी महासत्ता चालवली आणि वयाच्या ९१ व्या वर्षापर्यंत ते जगले.

इतर जन्मखुणांशी त्याची गल्लतही होते. दोन भुवयांच्या मधे किंवा मानेमागे असणारा फिकट गुलाबी डाग बहुधा वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. ‘स्ट्रॉबेरी’सारखी उंचवट्याची लाल गाठ जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागते, काही महिने वाढते आणि मग हळूहळू विरते. पोर्ट-वाइन स्टेन या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. तो जन्मापासून असतो, सुरुवातीला सपाट असतो, बाळ वाढते त्या प्रमाणात वाढतो आणि आपोआप जात नाही. वयानुसार त्याचा रंग गडद होतो आणि मोठेपणी त्वचा जाड होऊ शकते.

इथे एक अडचण आहे. पाठ्यपुस्तकांतली बरीच छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या बाळाच्या त्वचेवर हा डाग तितका उठून दिसत नाही. त्यातच जन्मल्यावर बाळ लालसर दिसतेच. त्यामुळे ‘रंग उतरेल हळूहळू’ असे म्हणून डागाकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. एक-दोन महिन्यांत बाळाचा रंग स्थिरावला तरी डाग तसाच असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

डागाची जागा इतकी महत्त्वाची का?

पूर्वी असे मानले जाई की हा डाग चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेच्या शाखांप्रमाणे पसरतो. गेल्या दशकातील अभ्यासांनी वेगळे चित्र समोर आणले. डागाचा आकार नसेपेक्षा गर्भावस्थेतील रक्तवाहिन्यांच्या रचनेशी जास्त जुळतो. गर्भात कपाळाची त्वचा, डोळा आणि मेंदूचा पुढचा भाग एकमेकांच्या अगदी जवळ घडत असतात. एका ठिकाणी चूक झाली की तिन्ही ठिकाणी तिचे पडसाद उमटू शकतात.

म्हणून डाग फक्त गालावर किंवा हनुवटीवर असेल तर मेंदूचा धोका कमी मानला जातो. डाग कपाळ, कानशील किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळा किंवा मेंदू बाधित असण्याची शक्यता साधारण १५ ते ५० टक्के सांगितली जाते. डाग जितका मोठा आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला, तितकी ही शक्यता वाढते. याचा दुसरा अर्थ असा की कपाळावर डाग असलेल्या अनेक बाळांना पुढे काहीच त्रास होत नाही. पण कोणाला होणार आणि कोणाला नाही, हे नुसत्या डागाकडे पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी तपासणीच लागते.

हा विकार कशामुळे होतो?

याचे उत्तर मिळायला स्टर्ज यांच्यानंतर १३४ वर्षे लागली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध केले. त्यांनी तीन रुग्णांच्या बाधित आणि निरोगी उतींची संपूर्ण जनुकीय मालिका शेजारी शेजारी ठेवून तपासली. ‘जीएनएक्यू’ नावाच्या जनुकात केवळ एक अक्षर बदललेले आढळले. पुढे तपासलेल्या २६ रुग्णांपैकी २३ जणांच्या बाधित उतींत तोच बदल होता. केवळ डाग असलेल्या १३ पैकी १२ जणांच्या त्वचेतही तो सापडला.

हे जनुक पेशींना निरोप पोहोचवणाऱ्या एका प्रथिनाची कृती सांगते. हे प्रथिन बटणासारखे काम करते. निरोप आला की चालू आणि काम झाले की बंद. एक अक्षर बदलल्याने हे बटण पूर्ण बंद होत नाही. दिवा विझवूनही मंद जळत राहावा तसा पेशीला सतत निरोप जात राहतो आणि रक्तवाहिन्यांची घडण बिघडते.

हा बदल आई किंवा वडिलांकडून आलेला नसतो. गर्भधारणेच्या वेळी बाळाची जनुके ठीक असतात. पुढे पेशींचे विभाजन होत असताना एखाद्या पेशीत नक्कल करताना चूक होते. मूळ कागद बरोबर असावा, पण एका झेरॉक्सवर एक अक्षर चुकावे आणि पुढच्या काही प्रती त्या चुकलेल्या झेरॉक्सवरूनच निघाव्यात, असा हा प्रकार. ज्या भागात त्या पेशी पोहोचतात तेवढाच भाग बाधित होतो, बाकीचे शरीर निरोगी राहते. चूक लवकर झाली तर त्वचा, डोळा आणि मेंदू तिन्ही बाधित होतात आणि उशिरा झाली तर फक्त त्वचेवर डाग उमटतो, असा संशोधकांचा कयास आहे.

यातून पालकांच्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. पुढच्या बाळाला हा विकार होण्याची शक्यता इतर कोणत्याही जोडप्यापेक्षा जास्त नसते. तसेच बदल फक्त बाधित उतींत असल्याने रक्ताच्या नेहमीच्या जनुकीय चाचणीत तो सहसा सापडत नाही. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून विकार नाही, असे समजता येत नाही.

ग्रहण, डोहाळे आणि आईवरचा ठपका

बाळाच्या चेहऱ्यावर डाग दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहण पाळले नव्हते का? ग्रहणात विळी-सुरी हातात घेतली होती का? डोहाळे पुरवले गेले नाहीत का? हे फक्त आपल्याकडचे नाही. जर्मन भाषेत जन्मखुणेला ‘मुटरमाल’ म्हणतात, म्हणजे आईची खूण. डच भाषेतला ‘मूडरव्हलेक’ हा शब्दही तसाच. इटालियन भाषेतील ‘व्होल्या’ आणि स्पॅनिशमधील ‘आंतोहो’ या शब्दांचा एक अर्थ जन्मखूण आणि दुसरा चक्क इच्छा किंवा डोहाळे असा आहे. अनेक समाजांनी कारण माहीत नसताना दोष आईच्या पदरात टाकला आणि तो भाषेतही मुरला.

वैद्यकीय उत्तर आता स्पष्ट आहे. गरोदरपणातले खाणेपिणे, काम, प्रवास, ग्रहण किंवा मनातली इच्छा यांपैकी कशानेही हा विकार होत असल्याचे आढळलेले नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकालाच हा विकार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दोघे एकाच वेळी एकाच गर्भाशयात वाढले होते. आईचे काही चुकले असते तर दोघांनाही डाग यायला हवा होता.

या समजुतीचा खरा तोटा आईला बसणाऱ्या टोमण्यांपुरता नाही. डाग म्हणजे कोणाच्या तरी चुकीची खूण ठरला की घरचे तो झाकू लागतात. बाळाला लोकांसमोर आणणे टाळले जाते, लेप आणि अंगारे सुरू होतात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर होतो. काचबिंदू मात्र त्या काळात थांबून राहत नाही.

डोळ्यात काय घडते?

स्टर्ज-वेबर सिंड्रोम असलेल्यांपैकी ३० ते ७० टक्के जणांना काचबिंदू होतो, असे वेगवेगळे अभ्यास सांगतात. डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो आणि तो बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेरच्या नीलांमध्ये जातो. इथे दोन बिघाड होऊ शकतात. एक म्हणजे जाळीच नीट घडलेली नसते. दुसरा म्हणजे बाहेरच्या नीलांमध्येच दाब जास्त असतो, त्यामुळे द्रवाला पुढे वाट मिळत नाही. बेसिनची जाळी तुंबली काय किंवा पुढचा नळ भरला काय, पाणी बेसिनमध्येच चढते. डोळ्यात चढलेला हा दाब मागच्या दृष्टिनसेला इजा करतो. ती इजा भरून येत नाही.

निम्म्याहून अधिक मुलांमध्ये हा काचबिंदू बाळ लहान असतानाच सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्याचे आवरण लवचिक असते, त्यामुळे दाबाने डोळाच मोठा होतो. ‘किती टपोरे डोळे आहेत’ असे कौतुक होते, पण एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, त्यातून सतत पाणी येत असेल, उजेडात बाळ डोळे मिटून घेत असेल किंवा बुबुळावर धुरकटपणा दिसत असेल तर तो तातडीचा इशारा आहे. उरलेल्यांमध्ये काचबिंदू पुढे बालपणी किंवा तरुणपणी येतो. तेव्हा बहुधा ना दुखते, ना डोळा मोठा होतो. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि मुलाच्या ते लक्षातही येत नाही.

दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातही असाच बदल असू शकतो. तिथे तो पसरलेला असेल तर डोळ्याचा मागचा भाग एकसारखा गडद लाल दिसतो. डॉक्टर त्याला ‘टोमॅटो केचप’ची उपमा देतात. त्यामुळे दृष्टिपटलाखाली पाणी साचून नजर कमी होऊ शकते.

म्हणूनच डोळ्यांची तपासणी एकदा करून भागत नाही. पहिल्या काही आठवड्यांत एकदा, मग पहिली काही वर्षे डॉक्टर सांगतील त्या अंतराने आणि नंतर आयुष्यभर नियमितपणे ती करावी लागते. तान्हे बाळ स्थिर राहत नसल्याने कधी कधी भूल देऊन दाब मोजावा लागतो. त्याला घाबरून तपासणी टाळणे जास्त महागात पडते.

मेंदूत काय घडते?

मेंदूच्या पृष्ठभागावरील नीला नीट घडलेल्या नसल्या की वापरलेले रक्त लवकर बाहेर पडत नाही. ते तिथेच रेंगाळते. त्याखालच्या मेंदूला ताजे रक्त, म्हणजेच प्राणवायू आणि साखर, कमी पडू लागते. तान्ह्या बाळाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो, त्याची मागणी मोठी असते. त्यामुळे पहिला परिणाम याच काळात दिसतो.

मेंदू बाधित असलेल्यांपैकी सुमारे ७५ ते ९० टक्के मुलांना फिट येतात. बहुतेकांना पहिली फिट दोन वर्षांच्या आत येते, अनेकांना तर पहिल्याच वर्षात. तान्ह्या बाळाची फिट चित्रपटात दाखवतात तशी नसते. एकच हात किंवा पाय लयीत झटकत राहणे, नजर एका बाजूला खिळणे, दूध पिता पिता अचानक थिजणे, ओठ निळसर पडणे अशा रूपात ती येते. ताप, शरीरातले पाणी कमी होणे किंवा डोक्याला लागलेला किरकोळ मार यांमुळेही ती येऊ शकते.

काही मुलांमध्ये अर्धांगवायूसारखी लक्षणे दिसतात. एक हात अचानक लुळा पडतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी त्यात पुन्हा बळ येते. एक खूण घरच्या घरी ओळखता येते. वर्षाच्या आतले बाळ सहसा दोन्ही हात सारखे वापरते. ते खुळखुळा नेहमी एकाच हाताने धरत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ वळलेलीच ठेवत असेल, तर ‘डावखुरे होणार’ असे म्हणून सोडून देऊ नये. दुसरी बाजू अशक्त असण्याची ती खूण असू शकते.

फिट जितक्या लहान वयात सुरू होतात आणि जितक्या वारंवार येतात, तितका बाळाच्या बोलण्यावर, शिकण्यावर आणि चालण्यावर परिणाम होण्याचा धोका वाढतो. औषधोपचार लवकर सुरू करण्यावर भर असतो तो यासाठीच.

एमआरआय कधी करायचा?

मेंदूतला बदल शोधण्यासाठी शिरेतून विशिष्ट औषध देऊन एमआरआय केला जातो. पण पहिल्या काही आठवड्यांत केलेला एमआरआय चकवा देऊ शकतो. बदल असूनही तो तेव्हा स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे फिट किंवा अशक्तपणा दिसला तर एमआरआय लगेच करतात. लक्षणे नसतील तर तो कधी करायचा हे मेंदूविकारतज्ज्ञ बाळाची परिस्थिती पाहून ठरवतात. वर्षानंतर औषध देऊन केलेला एमआरआय स्वच्छ असेल तर तो अधिक भरवशाचा मानला जातो. जन्मानंतर लगेच आलेला ‘नॉर्मल’ अहवाल फाइलला लावून विषय संपवू नये.

फिट आली तर घरच्यांनी काय करावे?

बाळाला सपाट जागेवर एका कुशीवर वळवावे आणि गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध घालू नये. कांदा हुंगवण्याचा किंवा चप्पल नाकाशी धरण्याचा काही उपयोग नाही, त्यात वेळ मात्र जातो. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळात वेळ पाहावी आणि शक्य असल्यास मोबाइलवर व्हिडीओ काढावा. निदान करताना डॉक्टरांना तो शब्दांतल्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो. पहिलीच फिट असेल, फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा एकामागून एक येत राहिली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

उपचार कोणते?

जनुकातली चूक दुरुस्त करणारा उपचार अजून उपलब्ध नाही. पण तिन्ही अवयवांसाठी वेगवेगळे उपचार आहेत.

त्वचेसाठी ‘पल्स्ड डाय लेझर’ वापरतात. अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर तो आधारलेला आहे. रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेईल असा पिवळा प्रकाश अत्यंत कमी वेळासाठी सोडला की रक्तवाहिनी तापून बंद होते आणि भोवतालची त्वचा वाचते. आज प्रामुख्याने ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरला जातो. तो अनेक बैठकांत द्यावा लागतो. डाग फिकट होतो, क्वचितच पूर्ण जातो आणि काही वर्षांनी पुन्हा गडद होऊ शकतो. भारतीय त्वचेतले मेलॅनिनही हा प्रकाश शोषते, त्यामुळे त्या जागी काळपट किंवा पांढरट चट्टा पडण्याचा धोका असतो. म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी घेऊन, त्वचा थंड ठेवून आणि अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांकडूनच लेझर घ्यावा. लेझरने डाग फिकट झाला म्हणजे डोळ्याचा आणि मेंदूचा धोका टळला, असे मात्र होत नाही.

काचबिंदूसाठी दाब कमी करणारे थेंब असतात. तान्ह्या बाळांमध्ये बऱ्याचदा शस्त्रक्रियाच करावी लागते. फिटसाठी नियमित औषधे दिली जातात. रक्त रेंगाळून गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मेंदूविकारतज्ज्ञ कमी मात्रेत ॲस्पिरिनही देतात. ते कधीही स्वतःहून देऊ नये. विशिष्ट विषाणूजन्य तापात लहान मुलांना ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. औषधांनी फिट थांबल्याच नाहीत आणि मेंदूची एकच बाजू बाधित असेल, तर तो भाग काढण्याची किंवा उरलेल्या मेंदूपासून अलग करण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांमध्ये केली जाते. लहान वयात दुसरी बाजू काही कामे उचलू शकते, हा त्यामागचा आधार. ‘सिरोलिमस’ या औषधाच्या लहान चाचण्याही झाल्या आहेत, पण ते अजून सर्रास वापरले जात नाही.

पुढचे आयुष्य कसे असते?

यात खूप फरक असतो. काहींना फक्त डाग आणि वर्षातून ठरावीक वेळा डोळ्यांची तपासणी एवढेच सांभाळावे लागते. काहींना आयुष्यभर फिटची औषधे, फिजिओथेरपी आणि शाळेत वेगळी मदत लागते. काही मुलांमध्ये वाढीच्या आणि थायरॉइडच्या संप्रेरकांची कमतरता आढळते, म्हणून उंची-वजनाकडेही लक्ष ठेवावे लागते. डाग ओठापर्यंत असेल तर हिरड्या सुजून रक्त येते, त्यामुळे दंतवैद्यांकडे नियमित जावे लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि सरकारी शाळांत मोफत तपासणी होते. तिथून पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावरील ‘डीईआयसी’ केंद्रांकडे पाठवण्याची सोय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत अंधत्व, अल्पदृष्टी, बौद्धिक अक्षमता आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार यांचा समावेश आहे. विकाराचे नाव यादीत नसले तरी त्यामुळे आलेल्या दिव्यांगत्वाच्या आधारे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसाठी अर्ज करता येतो.

शाळेचा प्रश्न वेगळा आहे. हा डाग संसर्गजन्य नाही. तो भाजल्याचा नाही आणि शेजारी बसल्याने कोणाला होत नाही. एवढी माहिती शिक्षकांनी वर्गाला सुरुवातीलाच दिली तर मुलाला रोज स्वतः ती द्यावी लागत नाही. फिट येणारे मूल असेल तर वर्गशिक्षकांकडे औषधांची आणि पालकांच्या क्रमांकाची चिठ्ठी असायला हवी.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

बाळाच्या कपाळावर, कानशिलावर किंवा पापणीवर असा डाग असेल तर प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना तो दाखवावा आणि डिस्चार्ज कार्डवर त्याची नोंद करून घ्यावी. डोळ्यांची तपासणी पहिल्या काही आठवड्यांत व्हावी. बाळाला अजून फिट आलेली नसली तरी बालमेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि फिट आल्यास काय करायचे हे आधीच विचारून ठेवावे. ताप अंगावर काढू नये आणि लसीकरण चुकवू नये. दर तीन-चार महिन्यांनी त्याच उजेडात बाळाच्या चेहऱ्याचा समोरून एक फोटो काढून ठेवावा. एक डोळा मोठा होत असल्याचे रोज पाहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवल्यावर ते चटकन कळते.